जोगव्याचं पाचवं घर

नशीब या शब्दाचा मला लहानपणापासून राग होता. मंठ्याच्या शाळेत दहावीला पहिली आले तेव्हा सत्काराच्या वेळी मुख्याध्यापक म्हणाले होते, या मुलीनं आपलं नशीब आपल्या हातानं घडवलं. टाळ्या पडल्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी शेतकीची पदवी घेतली, जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले, आणि ते वाक्य माझ्या अंगात भिनून गेलं. माझं कामही त्याला साजेसं होतं. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून कपाटात ठेवायची, ठरलेल्या दिवशी उघडून बघायची. उगवलेल्या बियांकडे कुणी फार पाहत नाही. न उगवलेलं बी मात्र चिमटीत दाबून, चिरून बघावं लागतं. आत कुजलंय, का किडीनं पोखरलंय, का नुसतंच झोपलंय. प्रत्येक न उगवलेल्या बीला काहीतरी कारण असतं, आणि ते शोधण्याचा मला पगार मिळतो.

म्हणून आमचं तिसरं बाळही पोटातच गेलं, तेही पाचव्या महिन्यात, तेव्हा मी आधी रडले नाही, त्याचं कारण शोधायला लागले. पहिल्या दोन वेळा लवकरच गेलं होतं, तेव्हा लोक म्हणाले होते, होतं सुरुवातीला असं. या खेपेला मी कशालाच वाव ठेवला नव्हता. वेळेवर गोळ्या, वेळेवर झोप, बाहेरचं पाणीसुद्धा नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओटी भरायचा दिवस काढायला निघाल्या होत्या, त्यांनाही मी थांबवलं होतं की अजून थोडं जाऊ द्या. दवाखान्यात मला बाळ दाखवलं नाही. दाखवू का म्हणून विचारलंही नाही. मीही मागितलं नाही, मला मागता येतं हेच माहीत नव्हतं.

डॉक्टर बाई भल्या होत्या. सगळे अहवाल पुन्हा बघून त्या म्हणाल्या, तुमचं काही चुकलेलं नाही, असं होतं कधी कधी. मला त्यांचा इतका राग आला की मी निरोप न घेता उठले. असं होतं म्हणजे काय? आमच्या प्रयोगशाळेत मी असा शेरा लिहिला असता तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. घरी येऊन मी सगळे दिवस उलगडून बघितले. एकदा जड डबा उचलून वर ठेवला होता. एकदा स्कूटर गतिरोधकावरून जोरात गेली होती. लग्नात कुणीतरी आग्रहानं पपईची फोड दिली होती, मी अर्धी खाऊन ठेवली होती. बियांना चोळतात त्या औषधाची भुकटी माझ्या नाकातोंडात गेली असेल, म्हणून मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचं टेबल तर वेगळ्या खोलीत आहे ना. मला तेही पटलं नाही. कारण सापडलं नसतं तर मला वेड लागलं असतं, आणि सापडलं असतं तर त्याखाली माझंच नाव असतं. घडवलं ते मी, तर बिघडवलं तेही मीच, याच्या बाहेर मला जाताच येईना.

आत्याबाईंचं म्हणणं साधं होतं. नशिबात असंल तेच व्हतं, एवढं म्हणून त्या देवापुढं बसायच्या. त्यांचं माहेर पिंपळगाव रेणुकाईकडचं, रेणुकामाता त्यांच्या बोलण्याचालण्यात घरच्या माणसासारखी. भाजीत मीठ जास्त झालं तरी त्या आईला सांगणार. मीही लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याबरोबर दिवा लावत होते, मंगळवार धरत होते, तिसऱ्या वेळी तर फार मनापासून. आता मी देवघराकडे बघायचंच बंद केलं. मनात तिच्याशी भांडत मात्र होते. तू असशील तर हे तू केलंस, नसशील तर मी केलं. यातलं दुसरं बरं वाटत होतं असं नाही, पण निदान स्वतःला दोष द्यायची सवय होती.

मी रजा टाकली. सकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडायची. आमचे हे पोलाद कारखान्यात पाळीवर जायचे, आले की माझ्या पलंगाच्या कडेला बसायचे, मग मोबाईल काढायचे. ताटात वाढलेलं मी चिवडून ठेवायची. मस्तगडातल्या आमच्या गल्लीत दार उघडं ठेवायची पद्धत आहे, येणारी जाणारी डोकावते. दोघी-तिघी आल्या, दारातूनच म्हणाल्या की होईल पुढच्या वेळी, आणि भाजीच्या भावाकडे वळल्या. त्यांचं काही वाईट नव्हतं. त्यांनाही कळत नव्हतं की याला काय म्हणायचं. मला जीव द्यायचा होता असं नाही, पण सकाळी जाग आली की उगाच आली असं वाटायचं. मरण यायचं असेल तर मी त्याला अडवणार नव्हते. हे मी कुणाजवळ बोलले नाही.

असं होता होता नवरात्र आलं. घरात घट बसले, नंदादीप लागला, आणि मी पलंगावरच. आत्याबाईंकडे आईची परडी आहे, बांबूची, काठाला कवड्या शिवलेल्या. नवरात्रातल्या मंगळवारी ती परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, मूठ मूठ पीठ मिळतं, त्याचीच त्या दिवशी भाकरी करून सगळ्यांनी खायची. घरात कणगी भरलेली असली तरी मागायचंच. माणसानं आईच्या नावानं एक दिवस तरी हात पसरावा, असा त्यामागचा भाव. मला हे कधी आवडलं नव्हतं. ज्या मुलीनं आपलं सगळं आपण मिळवलं तिनं दारोदार पीठ मागायचं? आजवर आत्याबाईच जायच्या, म्हणून माझं निभावलं होतं.

त्या मंगळवारी त्यांचा गुडघा टम्म सुजला. मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागत होती. हे सकाळच्या पाळीला गेलेले. त्या परडी घेऊन माझ्या पलंगापाशी आल्या.

"गुडघा उचलून न्हाई राह्यला. तू जाऊन ये," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, मला जमणार नाही. त्यांनी परडी माझ्या पायथ्याशी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. परडी जमिनीवर टेकवायची नसते, आणि त्यांना उभं राहवत नव्हतं. घाम फुटलेला दिसत होता. शेवटी मी उठून त्यांच्या हातातून परडी घेतली ती त्यांना बसता यावं म्हणून, आईसाठी नाही. त्यांनी माझ्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, कपाळाला कुंकू भरलं. इतक्या आठवड्यांत मी आरसाही बघितला नव्हता.

जोगवा आपल्या गल्लीत, ओळखीच्या घरी मागायचा असतो. त्यामागे शहाणपण आहे हे मला नंतर कळलं. मला मात्र ओळखीच्या एकाही दारात उभं राहायचं नव्हतं. पीठ घालता घालता त्या माझ्या पोटाकडे बघतील, याच्या विचारानंच मला कसंतरी झालं. म्हणून मी गल्ली सोडली, मोठा रस्ता ओलांडला आणि नव्या वसाहतीत शिरले, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. पहिल्या दारात माझ्या तोंडून जोगवा शब्द फुटेना. आतल्या बाईनं कवड्यांची माळ बघितली आणि ती आपणहून पीठ घेऊन आली. पीठ घातलं, आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी दचकून मागं झाले. मग आठवलं की परडी घेऊन दारात आलेली बाई तेवढ्या वेळापुरती आईच असते, पाया पडतात ते तिच्या. आत्याबाईंच्या पाया गल्लीतल्या म्हाताऱ्या पडायच्या तेव्हा मी गालात हसायची. आता माझ्याच पाया पडणं चाललं होतं, आणि मला वाटत होतं, अगं बाई, चुकीच्या बाईच्या पायाशी वाकलीस.

चार घरं झाली. ऊन चढलं होतं. पाचव्यासाठी मी एका फाटकाशी थांबले ते तिथे सावली होती म्हणून. शेजारच्या घरीही जाता आलं असतं, तिथे रांगोळी काढलेली होती, तोरण होतं. या दारात बऱ्याच चपला दिसल्या. मला वाटलं, पाहुणे आलेत, काही कार्यक्रम असेल. चपला बघून दुसरं काही माझ्या मनात आलं नाही. मी उदे उदे म्हणाले आणि जोगवा वाढा म्हणून उभी राहिले.

आतून एक बाई आली. माझ्या आईच्या वयाची असेल. केस मोकळे, पातळ चुरगळलेलं. माझ्याकडे बघून ती चौकटीला धरून थांबली.

"सुतक हाय बाई आमच्याकडं. पोरगं गेलं माझं. काही देता येत न्हाई," ती म्हणाली.

जमिनीनं दुभंगून मला आत घ्यावं असं झालं. सुतकाच्या घरी परडी नेणं म्हणजे हद्द झाली, लहान पोरांनाही एवढं कळतं. आपल्या गल्लीत गेले असते तर असं कधीच झालं नसतं, तिथे कुणाच्या घरी काय झालंय हे झाडणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. मी तोंडातल्या तोंडात माफी मागून वळणार होते. पण तिनं हात जोडले ते माझ्याकडे बघून नाही, परडीकडे बघून. आणि ती उंबऱ्यावर बसली. तिला तशी सोडून माझा पाय निघेना. मीही पायरीवर बसले, परडी मांडीवर घेऊन.

ती बोलायला लागली. मला नाही, परडीला सांगत होती. मुलगा सकाळी मोटारसायकलवर दूध आणायला गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी विचारत होता. त्याच रस्त्यानं का गेला, डोक्याला हेल्मेट का नव्हतं, रोज तर सून दूध आणते, त्या दिवशी हाच का गेला. आत सतरंजीवर बसलेल्या माणसांचा बारीक आवाज येत होता. कोपऱ्यात पिठावर ठेवलेला दिवा जळत होता. मला एकदम दिसलं की दुःखाचं घर असं असतं. इथे माणसं येऊन बसतात, चूल पेटत नाही, शेजारून डबा येतो, जो गेला त्याचं नाव घेतात. आमच्याकडे यातलं काहीच झालं नव्हतं. माझ्या बाळाला नावही नव्हतं आणि सतरंजीही नव्हती. मी दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी आमच्याकडे पिठलं-भाकरी झाली होती.

"मी म्हणले, चहा घेऊन जाय. न्हाई म्हणला, आलोच. मी हात धरून बसवला असता तर?" तिनं परडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरलं. "तूच सांग आई. म्या का जाऊ देलं त्याला?"

आतून कुणीतरी ओरडलं, अगं परडीला शिवू नको. तिला ऐकू गेलं नसावं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि उत्तराची वाट बघत होती. खरोखर वाट बघत होती. दारात आई आलेली असताना तिला विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मिळेल, यात तिला काही शंका नव्हती. मी काय सांगणार होते? हा प्रश्न घेऊन तर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पण माझं तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"तुझं काही चुकलं नाही, बाई. असं होतं."

वयानं एवढ्या मोठ्या, अनोळखी बाईला मी एरवी एकेरी बोलले नसते. आणि ज्या शब्दांसाठी मी डॉक्टरांवर चिडून उठले होते, तेच मी तिला सांगत होते, आणि मला ते शंभर टक्के खरे वाटत होते. हिनं हात धरून त्याला बसवला नाही, यात हिचा काय दोष? कुठली आई चहा नको म्हणणाऱ्या पोराचा हात धरून बसते? हे इतकं स्वच्छ दिसत होतं. तिनं कपाळ परडीच्या काठावर टेकवलं आणि मोठ्यानं रडायला लागली. मीही रडले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. आतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं असेल की मी त्यांच्या नात्यातली कुणीतरी. कुणी मला उठवलं नाही.

परत येताना मला भीती एकाच गोष्टीची होती, आत्याबाईंची. कुळाची परडी मी सुतकात बाटवून आणली होती, तीही नवरात्रात. त्या दारातच खुर्ची घेऊन बसल्या होत्या. खोटं बोलून पार पडलं असतं, पण माझ्यात तेवढी ताकद नव्हती. मी सगळं सांगितलं, तिनं परडीला धरलं हेही, आणि तिनं काय विचारलं, मी काय बोलले तेही. त्या चिडल्या. गल्ली सोडून गेलीच कशाला, म्हणाल्या. चपला दिसल्या तरी तुला कळू नये, एवढी शिकली ती कशाला. पीठ पाखरांना घालायला लावलं, परडी धुवायला लावली, मला डोक्यावरून आंघोळ करायला पाठवलं. मी मुकाट्यानं सगळं केलं. आंघोळ करून आले आणि कितीतरी दिवसांनी माझे पाय आपणहून देवघराकडे वळले. नुसता नमस्कार करावा असं वाटलं.

आत्याबाईंनी हात आडवा केला.

"देवाला शिवू नको. सुतक हाय तुला."

मी म्हणाले, आंघोळ केली ना, आणि ते घर काही आपल्या भावकीतलं नाही.

"त्या घरचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आपल्या घरचं. आपलं लेकरू न्हाई का गेलं?"

न जन्मलेल्याचं सुतक धरत नाहीत, असं मी कसंबसं म्हणाले. कोण धरत न्हाई, त्या म्हणाल्या, मी धरून राह्यले. लहान लेकराचं तीन दिवस असतं, तीन दिवस धरायचं. मग त्यांनी भिंतीचा आधार घेत शेजारच्या काकूंना हाक मारली आणि सांगितलं की तीन दिवस घटाला माळ तुम्ही घाला, दिव्यात तेल तुम्ही घाला, आमच्या घरात सुतक आहे. काकूंनी विचारलं, कुणाचं? आत्याबाई म्हणाल्या, नातवंडाचं. काकू आत गेल्या, आणि थोड्या वेळानं झाकलेलं ताट घेऊन आल्या.

एवढ्या वर्षांत आत्याबाईंच्या हातची माळ नवरात्रात एकदाही चुकलेली नव्हती. मला ते सोसेना. मी म्हणाले, सुतक मला असू द्या, तुम्ही कशाला बसता, तुम्ही घटाचं करा. त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, सुजलेला पाय लांब करून.

"मला बी हाय," त्या म्हणाल्या. "आज्जी हाय ना मी त्याची."

हे पाळीवरून आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. त्यांच्या आईनं त्यांनाही तेच सांगितलं, देवाला शिवू नको, सुतक आहे. हे चप्पल न काढता दारातच खाली बसले आणि गुडघ्यात डोकं घालून रडले. संध्याकाळी गल्लीतल्या बायका एकेक करून आल्या. या वेळी दारातून बोलल्या नाहीत. आत येऊन बसल्या. भाजीचे भाव कुणी काढले नाहीत.

आजही आम्हाला मूल नाही, आणि पुढं होईल की नाही हे मला माहीत नाही. मी कामावर जाते, न उगवलेलं बी चिरून बघते, त्याचं कारण सापडलं की लिहिते. कधी कधी सापडत नाही. नशीब असतं की माणूस आपलं आपण घडवतो, यावर मला आता कुणाशी वाद घालता येत नाही. त्या फाटकाशी मी सावलीसाठी थांबले की मला थांबवलं गेलं, हेही मी उकरून बघत नाही. काही सकाळी अजूनही जाग उगाच आल्यासारखी वाटते. तेव्हा मी पडल्या पडल्या आईला एवढंच म्हणते, की मला झेपत नाही, तू बघ. मग उठते. आत्याबाई चहा ठेवत असतात. पुढच्या नवरात्रात परडी घेऊन मीच गेले, आमच्याच गल्लीत, आणि पाचही दारांत हात पसरताना मला लाज वाटली नाही. आईनं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. माझ्या बाळासाठी तीन दिवस आमच्या देवघराला आम्ही कुणी हात लावला नाही, आणि त्याची आज्जी त्याच्यासाठी जमिनीवर बसली, एवढंच मी सांगू शकते. त्याबद्दल मी त्या आईच्या पायाशी डोकं ठेवते.